खाऱ्या खाडीत गोड्या पाण्याची घागर

केरळातून परत आल्यापासून कॉलनीत जो भेटतो तो फोटो मागतो. फोटो आहेत. नारळाची झाडं आहेत, बोट आहे, वेताच्या खुर्चीत ऐटीत बसलेला मी आहे आणि शेजारच्या खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून बसलेली मंगल आहे. पण ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो, तिचा फोटो नाही. त्या वेळी माझ्या मांडीवर पाण्याने भरलेली पितळी घागर होती आणि एक हात जरी सोडला असता तरी बायकोने मला खाडीत ढकललं असतं.

मी चादरवाला. सोलापुरात आमचं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. आता ते मुलगा बघतो आणि कसं बघावं ते मी त्याला सांगत असतो. या सांगण्याला कंटाळूनच त्याने आम्हा दोघांना या प्रवासाला पाठवलं असा मला संशय आहे.

मंगल मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची. माहेरी मेंढरं, ज्वारी आणि घरात कानडी. त्या बाजूला पाऊस आला तर पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो आणि जातो. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने घागर भरण्यात तिचं लहानपण गेलं. लग्न होऊन जुळे सोलापुरात आली तर इथे नळ होता, पण पाणी चार दिवसांनी. नळ आला की आमच्या घरात पातेली, बादल्या, कुकर, डबे सगळं भरतं. एकदा मी चष्म्याचं घर शोधत होतो, तर तेही भरलेलं असेल अशी मला धास्ती वाटली.

असं पाण्याशी जन्माचं नातं, पण ते भांड्यातल्या पाण्याशी. ज्याचा तळ दिसत नाही त्या पाण्याची तिला विलक्षण भीती. चंद्रभागेतसुद्धा ती घोट्यापर्यंतच उतरते आणि तिथूनच हात जोडते. त्यामुळे खाडीतल्या प्रवासाचं ठरलं तेव्हा तिने अट घातली, "मोठ्या बोटीत बसंन. तिला भिंती हायत, छप्पर हाय, घरावाणी हाय. पर बारक्या होडक्यात पाय ठेवणार न्हाय. तितं मला वडू नगा." मी कबूल केलं. तिचा भाऊ दामू तेव्हा आमच्याकडे आला होता. तो पोट धरून हसला. "दाजी, ही बाई टँकरच्या सावलीला घाबरती. दुसऱ्या दिवशी माघारी येतीया बघा. आन् होडक्यात पाय जरी ठेवला तर मी मिशी काढतो." मंगल बॅग भरायला उठली. पण तिला ते लागलं होतं. बॅग भरताना तिने चादरीची घडी तीनदा मोडली.

निलेश्वर

आगगाडीचा प्रवास सांगत नाही. आगगाडी सगळ्यांनी बघितलेली आहे.

आम्ही मुद्दाम गर्दीच्या जागा सोडून केरळच्या उत्तर टोकाला गेलो. निलेश्वरला उतरलं की जवळच धक्का आहे. तिथून एक लांबलचक खाडी समुद्राला समांतर जाते. एका अंगाला मुख्य जमीन, दुसऱ्या अंगाला नारळाच्या झाडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीपलीकडे खुद्द समुद्र. पट्टीचं नाव वलियापरंबा. म्हणजे पट्टीवरच्या माणसाच्या पुढच्या दारीही पाणी आणि मागच्या दारीही पाणी. हे ऐकून मंगलने कपाळाला हात लावला. "नशीब बघा एकेकाचं," ती म्हणाली.

बोट लाकडी फळ्या काथ्याने शिवून केलेली, वर वेताचं छप्पर. एक झोपायची खोली, एक ऐसपैस ओसरी, मागे स्वयंपाकघर. माणसं दोन. बोट चालवणारा कुंजीरामन, पन्नाशीचा, लुंगी गुडघ्यावर दुमडलेला, चेहऱ्यावर सदा काळजी. आणि स्वयंपाकी बाबू, ज्याला कशाचीच काळजी नव्हती. बाबूला मोडकं हिंदी येत होतं. मी माझं सोलापुरी हिंदी काढलं, त्याने त्याचं काढलं, आणि दोघांनाही एकमेकांचं काही कळेना. तेवढ्यात कुंजीरामन चुलीशी वाकून बाबूला काहीतरी विचारत होता, त्यातला एखादा शब्द मंगलला कानडीसारखा लागला असावा. तिने एकदम कानडीत विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का.

कुंजीरामनचा चेहरा उजळला. त्या भागात कर्नाटकाची हद्द जवळ, आणि त्याची तरुणपणाची वर्षं मंगळूरच्या बंदरावर गेलेली. तो घडाघडा कानडी बोलायला लागला. त्या क्षणापासून मंगल त्याची 'अक्का' झाली आणि मी अक्काचा नवरा. दुकानात गिऱ्हाइकाशी कानडी सोडून चार भाषांत घासाघीस करणारा मी, त्या बोटीवर बायको मराठीत सांगेल तेवढंच ऐकत होतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट ती बोलत असताना मी मान हलवून हसायचो, जणू कळतंय.

खोलीत गेल्यावर मी धंद्याच्या सवयीने आधी पलंगपोसाचं टोक उलटून वीण बघितली. ती आपली नव्हती. पण न्हाणीघरात गेलो आणि थांबलो. खुंटीवर टॉवेल होता तो आपला! तो काठ, ती जाड वीण. मी मंगलला हाक मारून दाखवला. "सोलापूर आपल्या आधी पोचलंय बघ हितं," मी म्हणालो. ती म्हणाली, "अंग पुसायचा टावेल हाय त्यो, आरती करू नगा त्याची."

खाडीवर

बोट निघाली तसा पहिला तास मंगलने खुर्चीचे हात सोडले नाहीत. बोट अशी हळू चालते की काठावरून चालणारी बकरी पुढे निघून जाते. पाण्यात बांबूंच्या रांगा रोवलेल्या, त्यांना दोरखंड सोडलेले. दोरांवर शिंपल्यांची शेती करतात. बायका होडक्यात बसून दोर वर ओढतात आणि द्राक्षांच्या घडासारखे काळेनिळे शिंपले तोडून घेतात. आमच्याकडे पाण्याशिवाय द्राक्षं पिकवतात, इथे पाण्यातच मळा.

दुपारी बाबूने केळीच्या पानावर जेवण वाढलं. तांबडा जाड भात, खोबऱ्यातली भाजी, खोबऱ्यातली डाळ, खोबऱ्यातला मासा. मासा मी खाल्ला. आम्हाला उजनीचा मासा माहीत, त्याला काटे मोजके. या माशाने माझी परीक्षा घेतली. मंगलने कडक भाकरीचा पुडा सोडला, शेंगाची चटणी काढली आणि बाबूच्या हातावरही चिमूटभर ठेवली. त्याने ती चाखली, डोळे मिटले, मग आत जाऊन वाटी घेऊन आला. त्यानंतर प्रवासभर तो प्रत्येक पदार्थावर शेंगाची चटणी भुरभुरवत होता, केळ्याच्या भज्यांवरसुद्धा. सोलापूरचं माणूस यापेक्षा जास्त काय मागणार?

जेवणाबरोबर गरम पाणी आलं, ते गुलाबी. कसलंतरी लाकूड घालून उकळतात, प्रकृतीला चांगलं असतं म्हणे. मंगलने पेला लांब सरकवला. "पान्याला रंग कशाला पायजे? साधं द्या." मग तिने बोटीवरून वाकून पाहिलं आणि कुंजीरामनला विचारलं, एवढं पाणी आहे, यातलं का नाही देत? तो हसला. सगळं खारं आहे, अक्का. उन्हाळा सुरू झाला की समुद्र आत येतो, विहिरीसुद्धा मचूळ होतात. पिण्याचं पाणी नळाने येतं, कधी बोटीने आणावं लागतं.

मंगलने पुन्हा वाकून त्या पाण्याकडे बघितलं. "येवढं पानी, आन् पिता येत न्हाय," ती म्हणाली. तिला ते पटतच नव्हतं.

दुसरी सकाळ

सकाळी मी उठून ओसरीत आलो तेव्हा बाबू बोट बांधलेल्या काठावर मासे घ्यायला गेला होता आणि कुंजीरामन इंजिनाशी काहीतरी ठोकत होता. खाडीवर धुकं होतं. चहा मिळेल का बघायला मागे गेलो, तर मंगल स्वयंपाकघरात पदर खोचून उभी. एका पिंपाला नळ होता, त्यातून सुतासारखी धार पातेल्यात पडत होती.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"धार बारीक झालीया," ती म्हणाली. "जायला लागलंय पानी. बाबू हितं न्हाय, त्याचं ध्यान बी न्हाय. म्या म्हटलं भरून ठेवावं."

यात मला काहीही वावगं दिसलं नाही. सोलापुरात बारीक धार दिसली की माणूस एकच गोष्ट करतो. मी बादली आणून दिली.

दोन पातेली, बादली, कुकर, चहाची किटली, थर्मास, बाटल्या, डाळीचा डबा रिकामा करून तो. शेवटी ओसरीत शोभेला ठेवलेली मोठी पितळी घागर होती, तिच्यात प्लास्टिकची फुलं खोचलेली. मंगलने फुलं काढून खुर्चीवर ठेवली, घागर लिंबाने लख्ख घासली आणि भरली. प्रत्येक भांड्यावर ताटली, नाहीतर स्वच्छ फडकं; आणि बोट हलून लवंडू नये म्हणून घागर सोडून सगळं आमच्या खोलीत. मग धार थांबली. "बगा, गेलं की न्हाय?" ती विजयाने म्हणाली. आम्ही दोघंही एका चांगल्या कामाच्या समाधानात ओसरीत जाऊन बसलो.

बोट सुटली. ऊन चढलं. मग मागून कुंजीरामनचा आवाज आला, बाबूचा आला, आणि दोघांचे आवाज चढत गेले. आम्ही मागे गेलो. कुंजीरामन पिंपावर हात मारत होता. ते रिकामं वाजत होतं. त्याचा चेहरा असा पांढरा पडला होता की मला वाटलं बोटीला भोक पडलं.

मंगलने कानडीत विचारलं. तो सांगत गेला आणि ती मला मराठीत सांगत गेली, आणि सांगता सांगता तिचा आवाज खाली गेला. त्याचं घर पुढे त्या पट्टीवरच होतं. त्याची एकुलती मुलगी, श्रीजा. तिला बघायला आज दुपारी मंडळी येणार होती. याआधी एक स्थळ येऊन मोडलेलं. आणि दोन दिवस पट्टीवरचा नळच बंद होता. विहीर मचूळ. म्हणून त्याने काल धक्क्यावर हे पिंप मुद्दाम काठोकाठ भरून घेतलं होतं; धार बारीक दिसत होती ती अरुंद तोटीमुळे. पाहुण्यांचा स्वयंपाक, चहा, पायसम म्हणजे तिकडची खीर, सगळं या पाण्यावर. त्याआधी बोट घराजवळ थांबवून पिंप उतरवायचं ठरलं होतं. बोटीच्या मालकाला सांगितलेलं, आम्हाला सांगायचं राहिलं होतं.

"पिंप गळलं वाटतं," कुंजीरामन पुन्हा पुन्हा म्हणत होता. बाबू फळ्या चाचपत होता.

मंगल माझ्याकडे बघत होती. मग तिने कुंजीरामनचा दंडच धरला आणि त्याला आमच्या खोलीत नेलं. पलंगाखाली पातेली. न्हाणीत झाकलेली बादली. कपाटात बाटल्या ओळीने. ओसरीत फुलांऐवजी पाण्याने भरलेली घागर. "न्हाय गळलं," ती आधी मराठीत म्हणाली, मग कानडीत. "म्या भरून ठेवलंय. येक थेंब सांडला न्हाय. बादली बी घासूनशान भरलीया."

कुंजीरामन दारातच बसला. आधी हसला, मग लुंगीच्या टोकाने डोळे पुसले. बाबू मात्र हसतच सुटला. त्याला आवरायला थोडा वेळ गेला.

वलियापरंबा

अडचण अजून संपली नव्हती. ओहोटी होती. मोठी बोट घराजवळच्या अरुंद ओढ्यात जाणार नव्हती. पिंप असतं तर कुंजीरामनने ते एकट्याने होडक्यात उतरवून नेलं असतं. आता दहा तोंडांची दहा भांडी होती, आणि ती कुणीतरी धरून बसायला हवी होती. बाबूला बोट सोडता येत नव्हती. पिंपात परत ओतू म्हटलं तर मंगल मान्य करेना. हिकडून तिकडं ओतलं की सांडतं आणि तोवर मंडळी येऊन बसतील, तिचं म्हणणं.

मी म्हणालो, "मी जातो धरायला."

"तुमी? चहाची बशी सांडता तुमी."

असं म्हणून तिने खाली बघितलं. होडकं बोटीला लागून हलत होतं. अरुंद, पाण्याच्या वर जेमतेम वीतभर. खाली हिरवं काळं पाणी, तळ नाही. मी तिची अट विसरलो नव्हतो. तिने न्हाणीतले दोन्ही टॉवेल आणले, ते सोलापूरचे, आणि मोठ्या पातेल्यांच्या तोंडावर ताणून बांधले. मग तिने चप्पल काढली, साडीचा सोगा कमरेला खोचला आणि कुंजीरामनच्या हाताला धरून खाली पाय टाकला.

होडकं डुचमळलं. ती खाली बसली, पातेल्यांच्या मध्ये, एकेक हात एकेका पातेल्यावर. मला पुढे बसवलं आणि घागर मांडीवर दिली.

"हलू नगा," ती म्हणाली. "पानी सांडल."

कुंजीरामन मागे उभा राहून बांबूने होडकं रेटत होता. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होतो, हे लिहायला हरकत नाही. डोळे उघडले तेव्हा ती दिसली. ताठ मान, ताठ पाठ, चेहऱ्यावर घामाची धार आणि नजर समोर. बांबूच्या प्रत्येक रेट्याला होडकं कलायचं, की तिचं अंग अलगद दुसऱ्या बाजूला कलायचं. लग्नाआधीचे सगळे उन्हाळे डोक्यावर घागर घेऊन खडकातून चाललेली बाई होती ती. कुंजीरामन मागून म्हणाला, "अक्का, तुम्ही खाडीतल्याच." तिने मराठीत मला हे सांगितलं, पण मान वळवली नाही.

अभिमान हा शब्द दुकानाच्या पाटीवर लिहिण्यापुरता वापरणारा माणूस मी. त्या दिवशी तो माझ्या छातीत मावत नव्हता. बायको भ्यायली होती आणि तरी बसली होती, ते दुसऱ्याच्या पोरीच्या चुलीसाठी.

काठावर कुंजीरामनची बायको जानकी आणि श्रीजा उभ्या होत्या. मंगल उतरली, घागर माझ्या मांडीवरून उचलली, पदराची चुंबळ केली आणि घागर डोक्यावर घेऊन नारळाच्या ओंडक्याच्या साकवावरून हात न लावता पलीकडे गेली. शेजारच्या बायका अंगणात येऊन बघत होत्या. जानकीने विचारलं असावं कुठच्या, कारण मंगलने मागे वळून मोठ्याने सांगितलं, "सोलापूर!"

मंडळी आली, बसली. आधी गरम गुलाबी पाणी दिलं गेलं आणि या वेळी मंगलही ते पेलाभर प्यायली. नंतर पायसम. कुंजीरामनने पाण्याची हकिगत सांगितली तेव्हा मुलाची आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने श्रीजाला जवळ बसवून घेतलं आणि बराच वेळ तिच्याशीच बोलत राहिली. मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "सोलापूर? बेडशीट?" मी म्हटलं, "येस! बेडशीट!" तेवढ्यावर आमची मैत्री झाली. निघताना मंगलने कुंकवासाठी नावाजलेल्या केम गावच्या नणंदेने दिलेली कुंकवाची पुडी जानकीच्या हातावर ठेवली.

परतताना भांडी रिकामी, होडकं हलकं, त्यामुळे जास्तच हलत होतं. मंगलने एक हात बाहेर सोडला, बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली.

"लई खारट," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आमाला वाटायचं पानी आसलं की बायकांचं समदं भागतं. हितल्या बाया बी घागरच घिऊन फिरत्यात की." मला मान डोलवावीशी वाटली. पण हलायला बंदी होती.

पुढचे दोन दिवस ती ओसरीत खुर्चीचे हात न धरता बसली.

जुळे सोलापूर

परत आल्यावर दामू आला. मिशीसकट. मंगलने सगळं सांगितलं, पातेली, टॉवेल, साकव. तो ऐकून घेऊन म्हणाला, "फोटू दाव." फोटो नव्हता. "मग झालं," असं म्हणत त्याने मिशीवरून हात फिरवला. मी साक्ष दिली, ती त्याने मोजली नाही. नवऱ्याची साक्ष कोण धरतं?

तेव्हाच मंगलचा फोन वाजला. कुंजीरामन होता. तिच्या हाताला कणीक, म्हणून तिने स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला. तो कानडीत बोलत होता आणि मला काही कळत नव्हतं. पण दामूला कळत होतं, त्याचं आणि तिचं माहेर एकच की. मी दामूचा चेहरा बघत होतो. मिशीवरचा हात हळूहळू खाली आला. मंगलचे हात कणकेत तसेच राहिले.

फोन संपल्यावर दामूनेच मला सांगितलं. श्रीजाचं जमलं. लग्न पावसाळ्यानंतर. आणि श्रीजाने निरोप दिलाय, लग्नाच्या दिवशी चुलीवर चढायची पहिली पाण्याची घागर होडीतून अक्काच घेऊन येणार, दुसऱ्या कुणाच्या हाताने नको.

दामूने मिशी बोटांआड लपवली. मग खाकरून म्हणाला, "आक्का, मला बी न्या की लग्नाला."

मंगल कणीक मळायला लागली. "चल की," ती म्हणाली. "पर होडीत बसल्यावर हलायचं न्हाय. पानी सांडतं."